सव्वा मूठ गहू

बापूच्या तोंडात घास घातला की मी मनात दहापर्यंत आकडे मोजायची. सातला त्याची जीभ हलायला लागायची, आठ-नऊला गळ्याची घाटी वरखाली व्हायची आणि दहा झाले की दुसरा घास. मधेच त्याला हसू आलं तर पुन्हा एकपासून सुरुवात. आकडे मी शाळेत शिकले, पण मुरले ते आमच्या घरातल्या मधल्या मेढीपाशी, म्हणजे लाकडी खांबापाशी. बापू माझा सख्खा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. जन्मला तेव्हा रडलाच नाही म्हणे. सुईणीनं पाठीवर थापट्या मारून मारून त्याला रडवला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाय एकमेकांत अडकलेले, मान डुलती, आणि उजव्या हाताची मूठ कायमची वळलेली. बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. ही गोष्ट गावात तीन-चार माणसांनाच ठाऊक होती आणि त्यांत आपला पहिला नंबर आहे, असं मी समजत असे. शहाद्याच्या डॉक्टरांनी एकदा त्याला उलटासुलटा करून पाहिलं आणि सांगितलं, याला असाच सांभाळा. कोणी सांभाळायचा, ते काही सांगितलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी शहाद्याच्या माणसाला चार जणांना विचारावं लागेल. एस.टी. जिथं तोंड फिरवायची तिथून दोन कोस बैलगाडीची वाट, मग सातपुड्यातून उतरणारा नाला, आणि नाल्याच्या पलीकडे तापीच्या उंच दरडीवर आमची तीसेक घरं. पावसाळ्यात नाला भरून आला की आम्ही आणि आमची जनावरं, बाकी जगाशी संबंध संपला. घर मातीचं. समोर ओटा, मधे एकच मोठी खोली, आणि मागच्या भिंतीला लागूनच गोठा, इतका लागून की म्हशीनं साखळी ओढली की आमच्या घरातली भांडी वाजायची. माय पहाटे उठून दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, भाकरी थापायची. तो थपथप आवाज, मग चुलीवरच्या उडदाच्या डाळीला दिलेली लसणाची फोडणी, मग दादांचं खोकणं, आणि मग दोघंही शेतात. दादा म्हणजे वडील. ती दोघं गेली की दिवेलागणीपर्यंत घर माझं आणि बापूचं.

त्याला मेढीला टेकवून बसवायचं, मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी छातीवरून घेऊन मेढीला बांधायची, की तो कलंडत नसे. दादरची भाकरी दुधात कुस्करायची, इतकी की बोटाला एकही कण लागता कामा नये. समोरून घास दिला की जीभ तो बाहेर ढकलायची, म्हणून डाव्या गालात घालायचा. हनुवटी खाली धरायची आणि मोजायचं. असं दिवसातून तीनदा, दर खेपेला तासभर. मधल्या वेळात त्याला धुणं, पुसणं, कपडे बदलणं, गोणपाटावर बसवून ओट्यापर्यंत ओढत नेणं. ओट्यावर आणला की स्वारी खूश. तिथून तो जनावरं ऐकायचा. पाहायचा म्हणत नाही, ऐकायचा म्हणते. संध्याकाळी गुरं परतताना कोणती गाय पुढे आहे, कोणती लंगडतेय, हे तो घंटेवरून ओळखायचा आणि टाळूला जीभ लावून टक्-टक् करत मला सांगायचा. म्हशीसाठी एक वेगळाच आवाज होता, घशातला, लांब. मी त्याला म्हणायची, बापू, तू माणसांत जन्मला हेच चुकलं. तो इतका हसायचा की लाळेनं माझी बाही भिजायची.

घास मीच भरवायचा, हा नियम कसा पडला ते सांगते. मी आठ वर्षांची असेन. मी विहिरीवर गेले असताना शेजारच्या काकूनं, चुलत्याच्या बायकोनं, लाडानं त्याला भाकरीचा कोरडा तुकडा दिला. मी हंडा घेऊन आले तर बापूचे ओठ निळे पडलेले, डोळे पांढरे, आणि काकू नुसती छाती बडवतेय. मी हंडा टाकला, त्याला पालथा घातला आणि पाठीवर गुद्दे मारले. सुईणीची गोष्ट शंभरदा ऐकलेली होती, म्हणूनच सुचलं असणार. तुकडा बाहेर पडला. त्या दिवसापासून काकू त्याच्या जवळ यायला घाबरू लागली. मायचा हातही घास देताना थरथरायचा, आणि हात थरथरला की बापू घाबरून तोंडच उघडत नसे. उरले दादा. दादा त्याच्याकडे पाहतच नसत. रागानं नव्हे, शिव्या कधी दिल्या नाहीत. पण घरात शिरताना त्यांची नजर मेढीला वळसा घालून जायची. पहिला मुलगा, त्याच्या जन्माच्या आधीच त्यांनी नांगराची एक लहान मूठ घडवून ठेवली होती म्हणे. ती मला माळ्यावर सापडली होती. मी ती पुन्हा जागच्या जागी ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही.

चौथीपर्यंतची शाळा गावातच होती. मास्तर मला मधल्या सुट्टीच्या आधीच घरी सोडायचे, बापूच्या जेवणासाठी. चौथीनंतर शाळा नव्हती. माझा मामा पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात होता, त्याला तिथं दोन खोल्या मिळालेल्या. तो दोन उन्हाळे ओळीनं मला न्यायला आला.

"पोरगी हुशार शे, ताई," तो मायला म्हणाला. "मन्हासंगे धाडी दे. आठे गावमा काय करी ती?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. दादा सुंभ वळत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

"माले नही येनं," मी म्हणाले. "बापूले कोन भरवी?"

दोन्ही वर्षं हेच. दुसऱ्या वेळी मामा जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी आता मी विचारायला येणार नाही, वय निघून चाललंय. मी त्याला नाल्यापर्यंत पोहोचवायलाही गेले नाही, बापूची दुपारची वेळ होती. पण त्या रात्री पाटीवर मला येत असलेले सगळे पाढे लिहून काढले आणि पुसून टाकले. शाळेत जावं असं मला किती वाटत होतं, ते मी कोणालाच, बापूलाही, कळू दिलं नाही. त्याला ते कळलेलं होतं, हा भाग वेगळा.

आता कानबाईबद्दल सांगायला हवं. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ घालून, दागिन्यांनी सजवून देवी मांडायची, रात्रभर गाणी आणि फुगड्या, आणि सोमवारी नदीवर बोळवण. तिच्या प्रसादाला रोट म्हणतात. रोटाचे गहू आदल्या दिवशी मापतात. माप मुठीचं, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. तान्ह्या मुलाचीसुद्धा मूठ धरतात, बाईची धरत नाहीत. आणि हे रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला तुकडा द्यायचा नाही, उरवायचे नाहीत. लेक लग्न होईपर्यंत खायला मोकळी. आमच्यात पुरुष पाच. दादा, काका, काकाचे दोन मुलगे आणि बापू. मापायचे दादा, ते मोठे म्हणून. सूप पुढ्यात घेऊन एकेकाचं नाव घेत मूठ टाकायचे. दरवर्षी चार नावं झाली की ते हात झटकून उठायचे. मग माय यायची, काही न बोलता स्वतःच्या हातानं पाचवी मूठ घालायची, आणि वर पावमूठ. तिचा हात लहान, म्हणून बापूची मूठ सगळ्यांत लहान. बाईच्या हातचं माप रीतीत बसत नव्हतं, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. मला तेव्हा दादांचा फार राग यायचा. आता वाटतं, नाव घेताना त्यांचा आवाज फुटला असता. पण हे आताचं शहाणपण आहे.

मी बारा वर्षांची होते त्या साली कानबाई आमच्याच घरी बसली. बापू मेढीला टेकून रात्रभर जागा. सोमवारी सकाळी बोळवण. तापीला आमच्या बाजूनं उभी दरड, त्यामुळे बायका नाला ओलांडून पलीकडच्या उतारावर जायच्या. मी चार वर्षं बोळवणीला गेले नव्हते. दरवर्षी घरात बसून फुगड्यांचा आवाज लांब लांब जाताना ऐकायचा. फुगडी मला येत होती, म्हणजे मी शिकले होते, खाटेचा पाय धरून, बापूला प्रेक्षक करून. त्या दिवशी चौरंग मायच्या डोक्यावर होता. ती उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "आज तरी चाल वं. तुन्हा बाप घरच शे."

दादा घरीच थांबणार होते, कारण म्हैस व्यायला झाली होती. मी हिशोब केला. बापूला सकाळचं भरवून झालंय. जाऊन यायला तास, फुगडीला थोडा वेळ, दुपारच्या जेवणाआधी परत. दादा ओट्यावर बसलेले होते. मी त्यांना म्हणाले, "घटकाभरमा येस." त्यांनी हूं केलं की नाही, आठवत नाही. बापूच्या जेवणाबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. बोलायची गरजच वाटली नाही. दादा आणि बापूचं जेवण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एका जागी कधी आल्याच नव्हत्या.

फुगडी खेळले. ते मात्र सांगणारच. काकूच्या हातांत हात अडकवून इतकी गरगरले की तापी माझ्याभोवती चारदा फिरली. कानबाई पाण्यात गेली, ओल्या वाळूचा प्रसाद घेतला, आणि आम्ही परत वळलो तर नाला आलेला. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. पाऊस पडला होता वर, डोंगरात. पाणी गढूळ, लाल, मोठमोठे ओंडके घेऊन चाललेलं. बायका काठावर हसत-बोलत बसल्या, असं दर दोन-चार वर्षांनी व्हायचंच. मी सरळ पाण्यात पाय घातला. सोबत आलेल्या काकानं माझा दंड धरून मागे ओढलं.

"पानी उतरू दे. आते उतरशी त सुरतले निंघशी."

"बापूना जेवाना टाईम व्हई गया!"

"तुन्हा बाप शे ना घर," माय म्हणाली.

"दादाच शे, म्हनीसनच तं जीव घाबरस!"

 मायच्या तोंडावरून कळलं की तिच्याही मनात तेच आलंय. घरात काय होतं? रोट. टोपलीभर रोट, कणकेचे, जाड, तव्यावर भाजलेले, चुलीजवळच ठेवलेले. भाकरी मायनं केलीच नव्हती, रोट संपवायचे म्हणून. दादा एक तर त्याला उपाशी ठेवतील, नाहीतर म्हणतील, कानबाईचा प्रसाद आहे, याच्याही नावाची मूठ आहे, आणि तोडतील एक तुकडा, आणि समोरून घालतील तोंडात. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं ते जाईना. काकूचे छाती बडवणारे हात दिसत होते. पलीकडच्या काठावर गावातले दोघं-तिघं पूर बघायला आलेले होते. आम्ही हात हलवले, ओरडलो, पण पाण्याच्या घोषात काही पोहोचेना. त्यांनीही हात हलवले आणि बिड्या पेटवल्या. मी वाळूत बसले आणि दहापर्यंत मोजायला लागले. दहा झाले की पुन्हा एकपासून. कानबाईला मी काय काय कबूल केलं ते सगळं लिहीत नाही. त्यांतलं एक असं होतं की बापू धड असेल तर जन्मात पुन्हा फुगडी खेळणार नाही, शाळेचं नावही मनात आणणार नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पाणी काकाच्या कमरेपर्यंत आलं. पहिल्या खेपेला त्यानं मला खांद्यावर घेतलं, कारण मी सोडणारी नव्हते. पलीकडे पाय टेकताच पळत सुटले. ओट्यावर कोणी नाही. दार उघडं. आत मेढीला लुगड्याची पट्टी नुसती लोंबतेय आणि बापू नाही. गोणपाटही नाही. रोटांची टोपली उघडी पडलेली. माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी नंतर कधी काढलेला नाही. त्यावर भिंतीपलीकडून, गोठ्यातून, दादांचा आवाज आला.

"बोंबलू नको! म्हैस बिचकी."

आणि त्याच्या पाठोपाठ बापूचं हसणं.

गोठ्यात गेले. दादा भिंतीला पाठ लावून कडब्यावर बसले होते. त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मधे, त्यांच्या छातीला टेकून, बापू. केसांत काड्या, हनुवटीपर्यंत खरवस माखलेला. दादांच्या डाव्या हातात पितळी, उजव्या हाताची बोटं ओली. आणि बापूच्या पायांवर तोंड टेकून एक ओलं, काळंभोर पारडू लटलटत उभं.

मी बापूचं तोंड उघडून आत बोट फिरवलं, गळा चाचपला, छातीला कान लावला. सगळं जागच्या जागी होतं. तो माझ्या बोटाला चावला, चिडून. मी कोण मधे तडमडले, असा त्याचा चेहरा.

"कितलं खादं त्यानी?" मी विचारलं.

"दीड रोट."

दीड! माझ्या हातून तो अर्ध्या भाकरीच्या वर जात नसे.

दादा एरवी दिवसभरात दहा शब्द बोलणारे. त्या दिवशी बोलले. ओट्यावर त्यांचा डोळा लागला होता. बापूनं घशातला तो लांब आवाज काढला, एकदा, दोनदा, थांबेचना. साखळी कशी ओढली जातेय ते त्याला आतून ऐकू येत होतं. दादा वैतागून उठले, याला गप्प करावा म्हणून आत आले, आणि भिंतीपलीकडे पाहतात तर म्हैस आडवी, पारडाचा एकच पाय बाहेर, दुसरा अडकलेला. "त्यानी हाक मारी नसती त पारडू बी गयं व्हतं आनि म्हैस बी," दादा म्हणाले. पारडू सुटलं. बापू इकडे ओरडतच होता, त्याला बघायचं होतं. मग दादांनी पट्टी सोडली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला उचलून गोठ्यात आणलं. पारडाला चीक पाजायला बोटं बुडवून चोखायला दिली, तर बापूनंही तोंड पुढे केलं. भूक लागली होती. चीक चुलीवर ठेवला, त्याचा मऊ खरवस झाला, त्यात रोट कुस्करला. "पारडूले पाजतस तसं पाजं, आखो काय," दादा म्हणाले. "गालमा बोट घालं की त्यानी जीभ वढस."

गालात. मला कितीतरी महिने लागले होते ते शोधायला. दादांना एक पारडू पुरलं.

इथं मी आनंदानं रडले असं लिहिता आलं असतं, पण आधी राग आला. मी कडब्याची पेंढी उचलून जमिनीवर आपटली आणि इतके दिवस कुठे होता, हे बापाला कधी विचारू नये ते विचारलं. "मंग इतला दिन कथा व्हतात तुम्ही?"

दादांनी बापूच्या हनुवटीवरचा खरवस बोटानं निपटला.  मग खाली बघतच म्हणाले, "माले कोनी सांगं नही. तू कोनले त्याले हात तरी लावू दिधा का?"

हे उत्तर मी तेव्हा ऐकून घेतलं नाही, उलट उत्तर शोधत राहिले. अर्धी चूक त्यांची होतीच, नजर वळसा घालून नेणाऱ्या माणसाला कोण काय सांगणार? पण उरलेली अर्धी माझी. माझ्याशिवाय बापू जेवतच नाही, हे मी साऱ्या गावाला सांगितलं होतं. काकूनं नंतर दोनदा विचारलं होतं, शिकव मला. मी मेढीपुढे पाठ करून बसले होते. परवाच माझी सून म्हणाली, "आई, नातवाला जरा दुसऱ्यांनाही भरवू द्या की." मी हसले, तिला वाटलं मी रागावले नाही म्हणून हसले.

रागामागून मोकळं वाटणं आलं. ते आलं तेव्हा सबंध अंगातून आलं. माझे हातपाय इतके जड झाले की मी तिथंच गोठ्यात, पारडाशेजारी आडवी झाले. काका, माय, काकू आले, गलका झाला, मायनं दादांकडे आणि बापूकडे पाहून पदर तोंडाला लावला, हे सगळं मला अर्धवट झोपेतच जाणवत होतं. बापूच्या रात्रीच्या जेवणाला मला कोणी उठवलं नाही. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये मामाला निरोप दादांनीच पाठवला. मी त्यांना आठवडाभर शिकवलं, हनुवटी खाली, दहापर्यंत मोजा, पट्टी सैल नको. ते मान डोलवत आणि सगळं स्वतःच्या पद्धतीनं करत. आकडे मोजायच्या जागी म्हशीला घालतात तशी शीळ घालत. पुरुषोत्तमनगरला दुपारचा भोंगा वाजला की मी वर्गात उठून उभी राहायची. मुली हसायच्या. मग आठवायचं की आता गावात दादा शीळ घालत असतील, आणि मी खाली बसायची. अपराधी वाटायचं का, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. वाटायचं, पण फार नाही. खरं सांगायचं तर मी रात्री सलग झोपत होते आणि मला ते फार आवडत होतं.

बापू आजही आहे. दादा गेले, माय गेली, पण जाण्याआधी दादांनी काकाच्या धाकट्या मुलाला आणि त्याच्या पोरांना गोठ्यातच सगळं शिकवून ठेवलं. नाल्यावर आता पूल आहे. त्यांतलाच एक पोरगा मला फोनवर बापू दाखवतो, केस पांढरे, दात थोडे, आणि मी दिसले की बापू टाळूला जीभ लावून टक्-टक् करतो. याचा अर्थ, लंगडी गाय मागे राहिली. माझे गुडघे गेलेत हे त्याला कोणी सांगितलं देव जाणे.

पण मला सांगायची आहे ती मी शाळेत गेल्यानंतरची पहिली कानबाई. मी सुट्टी घेऊन गावी आले होते. शनिवारी संध्याकाळी दादांनी सूप पुढ्यात घेतलं. स्वतःची मूठ टाकली, काकाची, दोन्ही पुतण्यांची. चार झाल्या. माय सवयीनं पुढे सरकली. दादांनी सूप उचललं आणि गुडघ्यांवर चालत मेढीपाशी नेलं, बापूच्या समोर. त्याचा उजवा हात मनगटाला धरून गव्हात ठेवला. मूठ वळलेली, घट्ट, नेहमीसारखी. दादा अंगठ्यानं तिच्या पाठीवरून हळूहळू चोळत राहिले आणि शीळ घालत राहिले. काही होईना. बाहेर चक्कीचं इंजिन पुकपुकत होतं, काका चुळबुळत म्हणाला, "दादा, चक्की बंद व्हई जाई."

मनगट थोडं खाली दाबलं की ती मूठ सुटते. मला माहीत होतं, हजारदा मी ती धुण्यासाठी सोडवली होती. मी उठले.

"बठ तू," दादा मागे न पाहता म्हणाले. "त्यानं त्याले करू दे."

बापूनं माझ्याकडे पाहिलं, मग सुपाकडे. कपाळावर घाम आला त्याच्या. आधी करंगळी सुटली, मग तिच्या शेजारची, मग सगळी बोटं, आणि हात गव्हात रुतला. पुन्हा वळला तेव्हा बोटांच्या फटींतून दाणे गळत होते. दादांनी बापूचं खरं नाव घेतलं, मोठ्यानं, जे शाळेत कधी घातलंच गेलं नव्हतं: "रमेश." आवाज फुटला, पण घेतलं. वरची पावमूठ घालायला बापूनं पुन्हा तितकाच वेळ घेतला. चक्की थांबली तर थांबली, कोणी हललं नाही.

मी बसून होते. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्यांना काही काम नव्हतं.